भात्याचं कातडं आणि मुंबईची हवा

बाण ठेवायचा भाता हाताने शिवणाऱ्या वाचकांची पत्रं या खेपेला बरीच आली. निम्म्या तक्रारी पावसाळ्याच्या आहेत, उरलेल्यांतल्या बऱ्याच चुकीचं कातडं घेतल्याच्या. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पहिलाच भाता करतोय. धारावीतून बॅगांचं छान मऊ कातडं आणलं, शिवलंही. पण भाता उभा राहत नाही, रिकाम्या पोत्यासारखा बसतो. चूक कुठे झाली? — गिरगाव

शिवणीत काही चुकलेलं नाही, कातडं वेगळं हवं होतं. बॅगा, जॅकेटं, पाकिटं यांसाठी बाजारात येणारं बहुतेक कातडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ, लवचिक आणि पाण्याला टिकाऊ असतं, पण ओलं करून आकार दिला तर तो धरत नाही. भात्याला झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं लागतं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, दक्षिणेत तरवडाची साल. कोल्हापुरी चपलेचा तळ याच जातीचा. ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या चपला-बूट बनवणाऱ्या वस्तीत सामानाच्या दुकानांत चौकशी करा आणि 'क्रोम नको, सालीचं द्या' असं स्पष्ट सांगा.

दुकानात पारखायचं कसं? कापलेली कड बघा. सालीचं कातडं आरपार तपकिरी दिसतं. क्रोमचं वरून कितीही तपकिरी रंगवलेलं असलं तरी मधला थर बहुधा निळसर-राखाडी असतो. वरून जाड रंग किंवा पॉलिश नसेल, तर पाण्याचा थेंब टाकून पाहा. सालीचं कातडं तो पिऊन टाकतं आणि तिथे गडद डाग पडतो. दुकानदार हो म्हणाला तर एक कातरण जाळून बघा : क्रोमच्या राखेत हिरवट छटा येते.

जाडी अंगाला 3 मि.मी., पट्ट्याला 3.5, तळाला 4. अंगाला 2 मि.मी.च्या खाली गेलात तर भाता लोळतो, आणि 4 च्या वर गेलात तर हाताने शिवताना टोचा (भोकं पाडायचं टोकदार हत्यार) अडकतो. 12 बाणांच्या भात्याला अंग, तळ आणि तुटफूट धरून साडेतीन ते चार चौरस फूट कातडं लागतं, पट्टा वेगळा. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथलं जाड कातडं बहुधा म्हशीचंच मिळेल. ते दाणेदार आणि चिवट असतं, भात्याला उत्तम. फक्त पाठीकडचा भाग मागा. पोटाचा भाग स्वस्त पडतो, पण ओला झाला की एका बाजूने ताणतो आणि भाता वाकडा होतो. पट्टा तर पोटाकडचा कधीच कापू नका.

आणलेलं मऊ कातडं वाया जाऊ देऊ नका. शिवणीच्या कडेने, आतल्या बाजूला, तोंडापासून तळापर्यंत बांबूची कामटी बसवा : 15 मि.मी. रुंद, 4 मि.मी. जाड, कडा घासून गोल केलेल्या. ही युक्ती फार जुनी आहे. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या 'ओत्झी'च्या भात्यालाही बाजूने हेझल झाडाची काठी लावलेली होती. त्या भात्यात 14 बाण होते आणि त्यांतले पुरे झालेले फक्त दोन! अर्धवट कामं साठवायची सवय तेव्हापासूनची असावी.

प्रश्न : माझे बाण 30 इंची, पिसं 5 इंची, एकूण 12 बाण. पाठीवरच्या भात्याचं माप कसं काढायचं? सरळ चौकोन कापून गुंडाळला तर तोंडाशी एक टोक वर येतं. — भांडुप

आधी खोली. पिसं खाचेच्या (बाणाच्या मागच्या टोकाची, प्रत्यंचेत अडकणारी चीर) साधारण 1 इंच खाली सुरू होतात, म्हणजे खाचेपासून 6 इंचांवर संपतात. पिसं कातड्याला घासू नयेत म्हणून 8 इंच बाण बाहेर ठेवा. 30 उणे 8, आतली खोली 22 इंच.

आता घेर. 12 बाणांना तोंडाचा आतला व्यास 114 मि.मी. पुरतो, पिसं बाहेर राहत असल्याने ती पंख्यासारखी पसरतात, चेपत नाहीत. तळाशी नुसत्या काड्या असतात, तिथे 82 मि.मी. पुष्कळ झाले. घेर काढताना बहुतेकजण एकच गोष्ट विसरतात : कातड्याची जाडी. 3 मि.मी.चं कातडं गुंडाळल्यावर घेर त्याच्या मध्यावर मोजायचा असतो, म्हणून व्यासात 3 मि.मी. मिळवून मग 3.14 ने गुणायचं. तोंडाला 117 गुणिले 3.14, म्हणजे 367 मि.मी. तळाला 85 गुणिले 3.14, म्हणजे 267. दोन्हीकडे एकावर एक चढवायला 20 मि.मी. मिळवा : तोंड 387, तळ 287, उंची 560.

तुमचं टोक वर येतं त्याचं कारण असं, की निमुळती नळी उलगडली तर तिच्या वरच्या-खालच्या कडा सरळ नसतात, कमानीसारख्या असतात. वरच्या मापांना वरची कड मधोमध 8 मि.मी. फुगीर कापायची आणि खालची मधोमध 6 मि.मी. आत घ्यायची. दोन्ही कमानींचं तोंड एकाच दिशेला, वरच्या बाजूला. आधी पुठ्ठ्यावर कापा, चिकटपट्टीने गुंडाळा, बारा बाण घालून उभं करा. पुठ्ठ्याने नाही म्हटलं तर कातड्याला हात लावू नका.

कातड्यावर आखताना भात्याची उंची पाठीच्या कण्याच्या दिशेने ठेवा. कापायला रापी (चांभाराची रुंद पात्याची सुरी), आणि खाली लाकडी फळी. कात्रीने 3 मि.मी. कातडं कापलं जातं खरं, पण कड तिरकी होते आणि मग जोड नीट बसत नाही.

प्रश्न : शिवण सहा महिन्यांत उसवली. मोच्याच्या आरीने घातलेली टीप होती, दोरा सुती. मजबूत शिवण कशी घालावी? लांब नळीच्या आत हात कसा घालायचा, तेही सांगा. — लालबाग

आरीच्या टिपेत दोन दोरे एकमेकांना फासासारखे अडकवलेले असतात. एक दोरा झिजून तुटला की फास सुटतात आणि टीप ओळीने सैलावते. भात्याला दोन सुयांची टीप घाला : एकच दोरा, दोन्ही टोकांना बोथट सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. सुती दोरा मुंबईत घामाने आणि ओलाव्याने कुजतो. मेण लावलेला 1 मि.मी. पॉलिस्टर दोरा घ्या. बिनमेणाचा मिळाला तर मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून तीनदा ओढून घ्या. शिवणीच्या चौपट दोरा लागतो : 560 मि.मी.च्या एका ओळीला सव्वादोन मीटर, वर हातभर जास्त. सलग एवढा दोरा ओढताना गुंतत असेल तर दोन तुकड्यांत करा आणि जोडावर तीन टाके एकावर एक घ्या.

शिवण्याआधी जी कड आत जाणार, ती रापीने तासून टोकाशी 1 मि.मी.वर आणा. हे टाळलंत तर आत पायरी तयार होते आणि बाण ठेवताना टोक दर वेळी तिथेच अडकतं. तासलेल्या जागी मागची बाजू आणि वरच्या थराची चकचकीत बाजू सॅंडपेपरने खरखरीत करा, दोन्हींना रबर सोल्यूशन लावा, दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासं झालं की जोडा आणि हातोडीने ठोका. ओलं असतानाच जोडलं तर धरत नाही. ही घाई सर्रास होते.

भोकं कडेपासून 5 मि.मी. आत, एकमेकांत 5 मि.मी. अंतर. कंपासपेटीतला डिव्हायडर 5 मि.मी.वर लावून खुणा पाडा. 3 मि.मी.पेक्षा जवळ भोकं पाडलीत तर कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. ड्रिलने भोक पाडू नका. ड्रिल कातडं काढून टाकतो, टोचा फक्त बाजूला सारतो आणि दोरा बसला की भोक पुन्हा आवळतं. 20 मि.मी.च्या जोडावर दोन ओळी घाला, प्रत्येक कडेपासून 5 मि.मी.वर एक.

हात घालायचं कोडं क्रमाने सुटतं. जोड सगळा एकदम चिकटवू नका, थोडा-थोडा चिकटवत जा आणि शिवण तळाकडून तोंडाकडे घ्या. अरुंद तळाशी काम करताना वरचा भाग उघडा असतो, पंजा आरामात जातो. शेवटचे टाके तोंडाशी येतात, तिथे 114 मि.मी. जागा आहे. तोंडाकडून सुरुवात केलीत तर शेवटची चार इंच शिवण 82 मि.मी.च्या भोकात अडकते, आणि तिथे बोटंसुद्धा वळत नाहीत. तळ सगळ्यात शेवटी.

प्रश्न : भात्याचा तळ बाणांच्या टोकांनी फुटला. दुसऱ्यांदा हवाई चपलेच्या रबराची चकती आत टाकली, तर बाण काढताना चकतीच बाणासोबत वर येते! — चेंबूर

रबर टोकाला धरून ठेवतं. आत चकती हवी तर नमद्याची (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) किंवा 4 मि.मी. कातड्याचीच टाका, आणि ती तळाला चिकटवा.

मूळ तळ सपाट चकती कडेला शिवून केला असेल, तर टोकं नेमकी शिवणीवर बसतात आणि दोरा कापतात. तळ वाटीसारखा करा. 4 मि.मी. कातड्याची 122 मि.मी. व्यासाची चकती कापा. साध्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, बाहेर काढून ठेवा. पृष्ठभागाचा मूळ रंग परत यायला लागला, पण हाताला अजून गार लागतंय, ही आकार देण्याची वेळ. 74 मि.मी. व्यासाचा लाकडी ठोकळा मधोमध ठेवून कड सगळीकडून वर ओढा, दोरीने आवळून बांधा. सुरकुत्या पडतातच, चमच्याच्या पाठीने दाबून बसवा. सावलीत दोन दिवस, पावसाळ्यात चार. घाई म्हणून गरम पाणी किंवा हेअर ड्रायर वापरू नका. सालीचं कातडं साधारण 70 ते 80 अंश सेल्सियसच्या पुढे आक्रसतं, आणि आक्रसलेलं पुन्हा पसरत नाही.

ही वाटी भात्यात पालथी बसवायची, कड खाली. म्हणजे टोकं सपाट कातड्यावर टेकतात, शिवण त्यांच्या खाली सुरक्षित राहते आणि बाहेरून शिवायलाही सोपी. मधोमध 3 मि.मी.चं एक भोक ठेवा. सरीवर सरी आल्या की पाणी साठायला नको.

बाणांचा खडखडाट थांबवायला कुणी तळाशी मूठभर धान्य टाकायला सांगतात. आपल्या हवेत त्यात आठवड्यात किडे होतील. नमदा पुरे.

प्रश्न : खाली वाकून पडलेला बाण उचलला की भात्यातले सगळे बाण डोक्यावरून सांडतात. शिवाय चालताना भाता गोल फिरतो. — मुलुंड

सांडणं हा पाठीवरच्या भात्याचा स्वभावच आहे. गुडघ्यात वाकायची सवय लावा. तरी कमी करायचं असेल तर तोंडाकडचे 4 इंच रापीने मागून तासून 2 मि.मी.वर आणा. पट्टा आवळला की तोंड थोडं चेपून बाणांना धरतं.

फिरण्याचं कारण पट्ट्याच्या जोडात आहे. वरचा आणि खालचा जोड एकाच रेषेत, दोन्ही एकेका ठिकाणी असले, तर भाता त्या रेषेभोवती दारासारखा फिरतो. वरचं टोक इंग्रजी वाय अक्षरासारखं दुभागून दोन जोड करा, तोंडापासून 2 इंच खाली, एकमेकांपासून 3 इंचांवर. खालचा एकच जोड तळापासून 5 इंचांवर. प्रत्येक जोडाच्या आतून 2 इंची कातड्याचा चौकोन ठेवून त्यासकट शिवा, नाहीतर अंग तिथे फाटतं. पट्टा दीड इंच रुंद; लांबी दोरी अंगाभोवती घालून मोजा, बक्कलच्या घडीला आणि भोकांना 8 इंच वाढवा.

बक्कल छातीवर नको. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या बरगडीकडे उतरतो, आणि बाण सोडल्यावर प्रत्यंचा डाव्या छातीजवळूनच जाते. तिथे बक्कल असेल तर कधीतरी ती लागणारच. बक्कल पाठीमागे, खालच्या जोडाशी घ्या.

प्रश्न : दर जुलैत भात्यावर पांढरी-हिरवी बुरशी येते. दर महिन्याला खोबरेल तेल चोळतो तरी! पितळी बक्कलभोवतीही हिरवा चिकट थर जमतो. — वर्सोवा

तरी नव्हे, म्हणूनच. मुरलेलं जादा तेल हे बुरशीचं खाद्य, आणि महिन्याला एकदा म्हणजे फारच झालं. त्याने कातडंही ढिलं पडतं, शिवणीची भोकं लांबट होतात. बुरशी घराबाहेर, कोरड्या फडक्याने पुसा. मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, फडकं नुसतं दमट करून आतबाहेर फिरवा. पंख्याखाली सावलीत दोन दिवस. उन्हात ठेवलात तर कातडं तडकतं.

नंतर वर्षातून दोनदाच, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास, एक भाग मधमाशीचं मेण आणि दोन भाग एरंडेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. थंड झाल्यावर फडक्याने अगदी पातळ हात द्या, तासाभराने जादा पुसून काढा. बोट फिरवल्यावर तेलकट लागलं तर जास्त झालं. पावसाळ्यात भाता कपाटात कोंबू नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच. सुती पंच्यात सैल गुंडाळून, तोंड उघडं ठेवून, भिंतीला न टेकता टांगा.

हिरवा थर म्हणजे पितळातलं तांबं आणि कातड्यातल्या चरबीचा संयोग. टूथब्रशने काढा. कायमचा उपाय हवा तर बक्कल स्टेनलेस स्टीलची लावा. समुद्राजवळ राहता, साधं लोखंड चालणार नाही.

प्रश्न : ढोलकीच्या पानासारखं कच्चं कातडं किंवा केसांसकट बकऱ्याचं कातडं वापरलं तर चालेल का? — परळ

परळकरांना हे सांगायला नको : पाऊस लागला की ढोलकी उतरते. कच्चं कातडं म्हणजे चुन्यात केस काढून ताणून वाळवलेलं, न कमावलेलं. वाळलेलं असताना फळीसारखं कडक, ओलावा शोषला की मऊ आणि वास मारणारं. उंदरांनाही आवडतं. सबंध भाता त्याचा करू नका. तोंडाभोवती 1 इंच रुंद पट्टी मात्र फार छान बसते : ओली असताना शिवा, वाळताना ती स्वतःच आवळते आणि तोंड गोल राहतं. वाळल्यावर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, सुतार स्पिरिटमध्ये करतात ते, तीन पातळ हात.

केसाळ कातडं घरगुती तुरटी-मिठाचं असेल तर घेऊ नका. तुरटीने कातडं तात्पुरतं टिकतं, पाण्याने तुरटी धुऊन निघते आणि केस झडू लागतात. मीठ दमट हवेत पाझरतं ते वेगळंच. क्रोमने कमावलेलं केसाळ बकऱ्याचं कातडं मिळतं, ते सालीच्या अंगावर बाहेरून चढवा. केसांचा कल तोंडाकडून तळाकडे ठेवा, म्हणजे पाणी ओघळून जातं.

प्रश्न : नव्या कातड्यावर ओलं असताना निळे-काळे डाग पडले. — कुर्ला

लोखंडी बादली, गंजकी हातोडी किंवा लोखंडी खिळे. सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की शाई तयार होते. ताज्या डागावर लिंबाचा रस चोळा, पाच मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. भिजवायला प्लास्टिकची बादली आणि ठोकायला लाकडी मोगरी वापरा. डाग जात नसतील तर सगळा भाताच काळा करा. हिराकशीच्या (लोखंडाचा एक क्षार) पाण्याने असंच, पण मुद्दाम आणि सारखं काळं करतात. एक लिटर पाण्यात दोन चमचे हिराकस, ब्रशने दोन हात, मग चिमूटभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसणं. आधी कातरणावर करून बघा.

प्रश्न : आजोबांच्या काळचं चितळाचं कातडं घरात आहे. भात्यावर चढवायचा विचार आहे. — दादर

चढवू नका, कापूही नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली अशा वस्तू विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. मालकीचं प्रमाणपत्र कागदपत्रांत आहे का शोधा, नसेल तर वकिलाचा सल्ला घेऊन वन विभागाशी बोला. याच कायद्यात 'शस्त्र' या शब्दात धनुष्यबाण नावानिशी येतात, त्यामुळे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भाता घेऊन सहज फिरायला जाण्याचा बेतही कुणी करू नये.

प्रश्न : चित्रांत राम-अर्जुनाचा भाता पाठीवर, मुघल चित्रांत कमरेला. खरं काय? आणि लोकलमधून नेताना कोणता बरा? — डोंबिवली

मुघल आणि राजपूत लघुचित्रांत भाता बहुधा कमरेलाच, चपटा, बाणांचा वरचा भाग उघडा. घोड्यावरून तोच सोयीचा. अर्जुनाला दोन अक्षय भाते होते, तेव्हा उरलेल्या बाणांची चिंता त्याला नव्हती. तुम्हाला आहे.

लोकलसाठी कमरेचा चपटा भाता करा : 16 इंच खोल, तोंड 6 इंच रुंद, तळ 4 इंच, दोन पाखं आणि मध्ये दीड इंच रुंदीची पट्टी. सहा बाण बसतात. गर्दीत मात्र कोणत्याच भात्यात बाण नेऊ नका. 110 मि.मी.चा पीव्हीसी पाइप 34 इंच कापा, दोन्ही टोकांना झाकणं, आतल्या बाजूने टोकांकडे फोमची चकती. बाण त्यात, भाता रिकामा आणि गुंडाळता येत नसेल तर पोटाशी धरून. पाइपवर ठळक अक्षरांत 'खेळाचं साहित्य' असं लिहा. स्टेशनवर तपासणी झाली तर निदान बोलायला सुरुवात तिथून होते.